न पुसलेली नावं

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

शेखर बे,

फोन लावला तं तू म्हणतं, "मीटिंगमंधी हाओ, मेसेज टाक." रविवारी कायची मीटिंग बे? मेसेजमंधी माहा राग मावत नाही, म्हणून माह्या नेटच्या दुकानात बसून हा मेल लिहून राह्यलो.

तुही साइट आज मेली. सकाळी सात वाजता डायलिसिस सेंटरच्या आठवड्याच्या बेडचं बुकिंग उघडते, तसं उघडलं. म्या नेहमीसारखा एकेकाचा नंबर लावाले लागलो. अर्ध्याक लोकाईचे लागले आन् मंग ते गोल चाक जे फिराले लागलं, ते फिरतच राह्यलं. जळगाव जामोदले ओळखीच्या दुकानदाराले फोन केला, तं त्याचंही चाक फिरे. साऱ्या तालुक्याची साइट जागच्या जागी उभी! दहाच्या सुमारास आपोआप सुधरली, पण तवरिक ज्याचं ज्याचं पयले उघडलं त्यानं बेड नेले. तुह्या बाबाचा, उकंडकाकाचा नंबर राहून गेला.

तुह्या बाबाले म्या कितीक खेपा सांगितलं का तुमचा नंबर पयले लावतो. आयकतच नाही माणूस. म्हणते, "साइट पोराची आन् बाप पुढं घुसला, असं लोक म्हणतीन. सगळ्याईचं होऊ दे, मंग माहं लाव." आता घ्या!

तू पुण्यात बसून काय समजतं मले माहीत नाही, म्हणून सांगतो. आपल्या खारपाण्याच्या पट्ट्यात जमिनीतलं खारं पाणी पिऊन पिऊन घरटी एक किडनीचा पेशंट हाय. पयले लोक सेंटरच्या दारात पहाटपासून ओळीत बसत. काकाची किडनी गेली तवा त्वा सेंटरच्या ट्रस्टले ही साइट फुकटात करून देली, ओळ मोडली, सारं गाव तुले दुवा देते. पण साइट चालवाले गावात हाय कोण? पेशंट इथं, त्याचं पोरगं पुण्याले नाहीतर सुरतले, आन् ओटीपी जाते त्या पोराच्या फोनवर. म्हणून सारे माह्या दुकानात येतात. एकदा ज्याचं नाव उघडलं, ते म्या लॅपटॉपवर उघडंच ठेवतो. दर रविवारी कोण त्या पोराईले झोपीतून उठवून ओटीपी मागत बसते! आन् साइट बंद पडली का शिव्या मात्र मले. सत्यभामाबाई तं म्हणे, "फारुख्या, तुह्या डब्ब्यात पाणी गेलं काय रे?" तिचा नंबर लागून गेलता, म्हणून तिले मस्करी सुचे.

काकाची तब्येत सध्या बरी हाय. पण बुधवारी बेड लागते म्हणजे लागते, हे तुले मी सांगाव काय? पाह्य जरा.

फारुख

*

मंगळवार, ४ फेब्रुवारी

फारुख्या,

तुझ्या शिव्या पोचल्या. मीटिंग खरंच होती रे, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला आपला रविवार समजत नाही.

सर्व्हर तपासला. दोन-अडीच तास त्याचा मेंदू पूर्ण गुंतलेला होता, श्वास घ्यायलाही जागा नव्हती. आता ठीक आहे. माझ्या मते गर्दी वाढली आहे. आधी आपल्या तालुक्यापुरती होती, आता शेगावकडचे लोकही यायला लागले. मी मोठं मशीन घेतलंय, पुढच्या रविवारी बघ कशी पळते ते.

तुझ्या दुकानात रविवारी गावजत्रा भरते हे वाचून मजा वाटली. शेजारी चहाची टपरी टाक.

बाबांचं म्हणशील तर सेंटरचे मॅनेजर प्रेमानंद माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना फोन केला, त्यांनी बुधवारचा एक बेड बाबांच्या नावानं ठेवलाय. बाबांना मात्र हे सांगू नकोस, ते जाणारच नाहीत. कोणीतरी नंबर सोडला असं सांग. आणि नेहमीप्रमाणे तूच गाडीनं घेऊन जा. दुसऱ्या कोणाबरोबर ते बसत नाहीत, हे मला माहीत आहे.

शेखर

*

बुधवार, १२ फेब्रुवारी

शेखर,



रविवारी पुन्हा तेच झालं. मोठं मशीन आणलं म्हणे! कायचं मोठं बे? मोठं तं मोठं, पण बसलं तसंच. अर्धे नंबर लागले का चाक सुरू. या खेपेले बारा वाजले तरी सुधरलं नाही. काका शेवटीच बसून होते. म्या म्हटलं शेखरले फोन लावतो, तं म्हणाले, "नको, त्याले तरास नको. एका आठवड्यानं काई मरत नाही मी." तुले लावला तवा तुहा बंद होता.

काल दुपारी गहू पाहाले वावरात गेले आन् बांधाच्या धुऱ्यावरच खाली बसले. शेजारच्या वावरातल्या माणसानं मले फोन केला. मी गेलो तं पाय सुजून हे असे झालेले, छातीत पाणी भरल्यासारखा आवाज येऊन राह्यलाता, तोंडातून शब्द निघे ना. या अल्ला! गाडीत घालून त्याईले खामगावले नेलं. तुही फलकभाभी मागं त्याईचं डोस्कं मांडीवर घेऊन तोंडावर हवा घालत होती आन् रडत होती. डॉक्टर म्हणाला, अर्धा घंटा उशीर केला असता तं संपलं होतं. तातडीनं मशीनवर घेतलं. आता बोलून राह्यले. पयला शब्द काय बोलले माहीत हाय? "शेखरले कळवू नको."

मी कळवून राह्यलो.

शेखर, गावात लोक बोलाले लागले. बरोबर बेड उघडले का साइट पडते, एरवी आठवडाभर धडधाकट. कोणीतरी जाणूनबुजून करून राह्यलं. निवृत्ती, तो सत्यभामाबाईचा पोरगा, तो म्हणे का कोण्या खाजगी दवाखान्याचं काम असीन, फुकटातला बेड नाही भेटला का लोक तिकडं जातात. मले नाही माहीत. पण जो कोण असीन त्याले काकाचा कालचा चेहरा दाखवा, बस.

तुले येत असीन ना हे काढता? मंग काढ. कोण हाय तो हरामखोर, शोधून काढ.

फारुख

*

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

फारुख,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि जिन्यात जाऊन बसलो. दोन रात्री झोपलो नाही. तू आहेस म्हणून माझा बाप आहे, एवढंच म्हणतो.

आता ऐक. तुझं खरं आहे, निवृत्तीचंही खरं आहे. हा हल्ला आहे. आणि मला तो सापडला.

तुला समजेल असं सांगतो. सेंटरच्या दारात एक कारकून बसलाय असं समज. येणारा प्रत्येक जण आधी एक चिठ्ठी देतो, मी कोण, कुठून आलो, याआधी आलो होतो का. कारकून चिठ्ठी वाचतो आणि आत सोडतो. साइटवरही असंच असतं. पान मागण्याआधी तुमचा ब्राउझर ही चिठ्ठी पाठवतो, त्याला हेडर म्हणतात. दोन-चार ओळींची असते. आपल्या सर्व्हरच्या कारकुनात एक खोट निघाली आहे. चिठ्ठी तुकड्यातुकड्यानं आली, की प्रत्येक नव्या तुकड्याला तो बिचारा सगळी चिठ्ठी पहिल्यापासून परत लिहून काढतो. थोडे तुकडे असले तर कळतही नाही. पण कोणी न संपणारी चिठ्ठी घेऊन आला, तर कारकून लिहीतच बसतो आणि बाकीचे सगळे दाराबाहेर उभे राहतात. मोठं मशीन म्हणजे जास्त वेगानं लिहिणारा कारकून, एवढंच. एकटा माणूस असा अख्खा दरवाजा अडवू शकतो.

ही खोट मागेच जाहीर झाली होती, इशारा माझ्या मेलमध्ये पडून होता. डायलिसिसच्या साइटवर कोण हल्ला करेल, म्हणून मी तो बाजूला ठेवला होता. केला ना एकानं! दोन्ही रविवारी एकाच पत्त्यावरून भल्यामोठ्या चिठ्ठ्या आल्या आहेत, एकामागून एक, दमच घेत नाही. तो पत्ता म्हणजे नुसता आकड्यांचा नंबर असतो. गाव, नाव मला दिसत नाही, फक्त इंटरनेट कंपनी दिसते. पुढचं पोलीस काढतील.

मी दोन गोष्टी केल्या. तो पत्ता कायमचा बंद करून टाकला. त्यानं आता कितीही डोकं आपटलं तरी त्याला पानसुद्धा दिसणार नाही. आणि ट्रस्टच्या वतीनं माझ्या सहीनं पोलिसात तक्रार दिली. जाणूनबुजून रुग्णांच्या जिवाशी खेळ, असं स्पष्ट लिहिलंय. ज्यानं माझ्या बापाचा श्वास अडवला, त्याला सोडणार नाही मी. मग तो कोणी का असेना.

रविवारी निर्धास्त नंबर लाव.

शेखर

*

रविवार, १६ फेब्रुवारी

शेखर बे,

फोन उचल ना! सकाळपासून लावून राह्यलो.

आज माह्याकडं साइट उघडलीच नाही. चाकही नाही, काईच नाही, नुसतं पांढरं पान. जळगावच्या दुकानदाराले इचारलं तं म्हणे, आज लोण्यासारखी चालून राह्यली. मंग माह्याचकडं काऊन नाही? राऊटर बंद-चालू केला, लॅपटॉप बंद-चालू केला, तेच ते. शेवटी मोबाइलवरून पाह्यलं, तं तिथं एकेकाचा ओटीपी मागे. पोराईले फोन लावले, कोणी उचलला, कोणी नाही, आन् तवरिक बेड संपले.

आपल्या गावातल्या एकाचाही नंबर लागला नाही. एकाचाही! सत्यभामाबाईचाही नाही. आज तिनं मस्करी नाही केली. निवृत्ती मले म्हणे, "काऊन रे, आमच्याच गावाले काऊन?" 

मेल वाचला का फोन कर.

फारुख

*

रविवार, १६ फेब्रुवारी, संध्याकाळ

फारुख्या,

दोन रात्रींची झोप काढली. फोन बंद करून मेल्यासारखा पडलो होतो, आत्ता उठलो. तुला परत लावला तर लागला नाही.

साइट एक क्षणही थांबली नाही! सगळे बेड अर्ध्या तासात भरले. त्या माणसानं सकाळपासून किती वेळा दार ठोठावलं माहीत आहे? एकदाही आत येऊ दिलं नाही. मी इथं एकटाच टाळ्या वाजवल्या.

तुझं पांढरं पान म्हणजे तुमच्या गावच्या केबलवाल्याचा घोळ असणार. त्याला धर उद्या. गावचे नंबर राहिले याचं वाईट वाटलं, पुढच्या रविवारी होतील. बाबांसाठी प्रेमानंदांना सांगून बुधवार दुपारचा बेड राखून ठेवला आहे.

शेखर

*

बुधवार, १९ फेब्रुवारी

शेखरभाऊ,

मी फलक, फारुखची बायको. हे मी माह्या फोनवरून लिहून राह्यली, चुकलं-माकलं तं समजून घ्या. फारुख लिहू शकत नाही, कारण तो कालपासून पोलीस ठाण्यात हाय.

तुमी धरून देला तो माणूस आमचा फारुख हाय.

काल दुपारी दोन पोलीस आले. दुकानात गिऱ्हाईक होतं. त्याईनं कागदावरचा आकडा आमच्या राऊटरशी लावून पाह्यला आन् म्हणे, "हाच." लॅपटॉप उचलला. फारुखले म्हणाले, "चल, साइट काऊन पाडत होता ते सांग. कोण्या दवाखान्याचा माणूस हाय तू?" फारुख हसला हो! त्याले वाटलं तुमीच काई मस्करी करून राह्यले. मंग त्याईनं गाडीत बसवलं तवा त्याचा चेहरा उतरला. ज्याईचे नंबर त्यानं दोन वर्सं लावले, ते सारे रस्त्यावर उभे होते.  मागून कोणीतरी म्हणालं, "पाहा, घरातच साप होता." निवृत्ती तं माह्याजवळ येऊन म्हणाला, "भाभी, त्यानं माह्या मायसोबत असं काऊन केलं?" 

त्याईनं ठाण्यात लॅपटॉप उघडला आन् इचारलं का एवढे नावं एका मशीनवर काऊन उघडे? यातले कितीक तं मेले, मेलेल्याईचे नावं कायले ठेवले? फारुखनं खरं ते सांगितलं. तुमच्या साइटवर पेशंटच्या नावासमोर लाल बटन हाय ना, "नाव पुसा" असं, जे दाबलं का लॅपटॉपवर उघडलेलं नाव बंद होते? ते बटन आमच्या गावात कोणी दाबू देत नाही. सुरुवातीले फारुख दाबाले गेला तं सत्यभामाबाईनं त्याचा हातच धरला. म्हणे, "जित्या माणसाचं नाव पुसतं काय रे? अशुभ बोलू नको, अशुभ करू नको." तवापासून सारेच म्हणत, राहू दे. आन् जे वारले त्याईचं नाव पुसाले घरच्याईचा जीव होत नाही, फारुखचाही होत नाही. म्हणून सारे नावं तसेच हायेत. पोलीस म्हणे, गोष्टी नको सांगू.

उकंडकाका कालच ठाण्यात गेले. एस.टी.नं, एकटे, सुजलेल्या पायानं. फारुखले सोडा, तो माहं पोरगं हाय, म्हणाले. हवालदारानं त्याईले तक्रार वाचून दाखवली. खाली सही कोणाची ते वाचलं, शेखर उकंडराव.  मंग बाहेर बाकड्यावर जाऊन बसले ते अजून तिथंच हायेत. आज शिवजयंती, सायेब मिरवणुकीच्या बंदोबस्ताले, सायेब आल्याबिगर कोणी काई करत नाही. काकाचा दुपारचा बेड हाय. मी हात जोडले, रिक्शा आणली. म्हणाले, "मले नेणारा आतमंधी बसला हाय. तो आला का जाईन."

त्याईचा श्वास पुन्हा भराले लागला. मी तुमाले दोष देत नाही, मले तुमची साइट समजत नाही. पण त्या नंबरवर पोलीस पाठवाच्या आधी तुमी एक खेप फारुखले इचारलं असतं, तं काय बिघडत होतं?

फलक

*

बुधवार, १९ फेब्रुवारी

फलकभाभी, आणि फारुख, बाहेर आलास की वाच,

भाभी, तुमचा मेल वाचला. खोटं वाटेल, पण मी आधी तो आकडा परत परत पाहिला. चुकलो असेन, दुसऱ्याचा असेल, असं वाटत होतं. नाही चुकलो. आकडा तोच आहे, आणि माणूसही तोच. पण त्यानं काही केलेलं नाही, सगळं मी केलं.

फारुख, साइट एखाद्याचं नाव उघडते तेव्हा ब्राउझरमध्ये त्याची एक खूण ठेवते. पुढच्या वेळी ओटीपी लागू नये म्हणून. ती सोय मीच केली. पुढं पान मागताना ती खूण चिठ्ठीत लिहून येते. मी काय धरलं होतं? एक माणूस, त्याचा एक फोन, त्याची एक खूण. पुण्यात असंच असतं, म्हणून जगात असंच असतं. तुझ्या लॅपटॉपवर सगळ्या गावाच्या खुणा जमल्या, जित्यांच्या आणि मेल्यांच्याही. एकाचा नंबर लावायला तू बटण दाबलंस की सगळं गाव चिठ्ठीत उभं राहून माझ्या दारात यायचं. प्रत्येक रविवारी चिठ्ठी लांबत गेली आणि एके दिवशी तो कारकून कोसळला. तू जितक्या घाईनं लोकांचे नंबर लावायचास, तितकी साइट जास्त अडकायची.

आणि तू मला हे लिहिलं होतंस! पहिल्याच पत्रात. "नाव उघडंच ठेवतो," असं लिहिलं होतंस. मी ते वाचून तुला चहाची टपरी टाकायला सांगितलं. इशारा माझ्याकडं होता, त्याची दुरुस्ती अर्ध्या तासाचं काम होती, तीही मी केली नाही. मला हल्लेखोरच पाहिजे होता, कारण मग माझी चूक निघत नव्हती.

काय सांगू बे तुले. रविवारी मी टाळ्या वाजवल्या. दारावर डोकं आपटणारा तू होता आन् मी टाळ्या वाजवून राह्यलो होतो.

भाभी, तक्रार मागं घेतो असं माझ्या सहीचं पत्र ठाण्याला आत्ता मेलनं पाठवलं आहे, साहेबांशी फोनवर बोललो आहे. यात हल्ला नाही, दोष साइट बनवणाऱ्याचा आहे, असं स्वच्छ लिहिलं आहे. मिरवणूक आटोपून आले की संध्याकाळी सोडतो म्हणाले. पत्ता खुला केला, सर्व्हरची दुरुस्ती बसवली. आता कितीही नावं उघडी ठेवा, काही होणार नाही. प्रेमानंदांना सांगून बाबांना उद्या सकाळचा बेड मिळाला आहे. फारुखनंच न्यावं, एवढी त्याला विनंती करा. माझं नाव घेऊन करू नका.

मी आजच निघालो असतो. बॅग भरली आणि परत ठेवली. बाबांनी ती सही वाचली. त्यांच्यापुढं, तुमच्यापुढं कोणत्या तोंडानं उभा राहू, मला कळत नाही.

शेखर

*

सोमवार, २४ फेब्रुवारी

शेखर,

लिहू का नको, चार दिवस हेच चाललं होतं. लिहितो.

बुधवारी सांजच्याले सोडलं. ठाण्यात कोणी हात लावला नाही, चहाही पाजला. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तं चिटपाखरू आलं नाही. तुहं पत्र वाचलं. पयले लय राग आला, मोबाइल फेकून मारणार होतो. मंग फलक म्हणाली, "त्यानं निदान लिहिलं तरी." बरं, ते जाऊ दे. माहं तुह्याकडं काई मागणं नाही. मी तुले शिव्या देईन तवा समजजो का झालं माफ.

गुरुवारी काकाले घेऊन गेलो. बेड भेटला, पाणी निघालं, जीव वाचला.  परत येताना म्हणाले, "फारुख, बुधवारचा बेड माह्याच नावानं कसा काय होता रे?" मले खोटं बोलता नाही आलं. त्वा दोन्ही बुधवारसाठी प्रेमानंदले फोन केला ते सांगून टाकलं. त्याईनं गाडी थांबवाले लावली आन् रस्त्याच्या कडले उलटी केली. तवा मले वाटलं गाडी लागली. कारण मले समजलं शुक्रवारी.

शुक्रवारी सकाळी सत्यभामाबाई गेली.

तिचा नंबर त्या रविवारी लागला नव्हता, माहीत हाय तुले, म्याच लिहिलं होतं. मंगळवारपासून तिले धाप लागली. बुधवारी दुपारी निवृत्ती तिले रिक्शात टाकून सेंटरले घेऊन गेला. आतमंधी एक बेड रिकामा होता, शेखर. मशीन चालू, चादर टाकलेली, माणूस नाही. निवृत्तीनं हात जोडले. त्याले सांगितलं का हा राखीव हाय, साइटवाल्या सायबाच्या वडलाचा हाय, ते येतच असतीन. तिले बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. सांजपर्यंत वाट पाह्यली. काका कुठून येतीन? ते ठाण्याच्या बाकड्यावर माही वाट पाहून राह्यले होते. गुरुवारी निवृत्तीनं तिले अकोल्याले नेलं, पण तवरिक लय उशीर झालता.

काकाले हे गुरुवारी मशीनवर असतानाच सेंटरच्या एका कंपाउंडरकडून कळलं होतं का त्याईच्या बेडपायी एक बाई परत गेली. कोण ते माहीत नव्हतं.

मयतीले मी गेलो. जाव का नको म्हणत होतो, पण तिनं मले फारुख्या म्हणत लहानाचा मोठा केला, कसा नाही जाणार? तिरडी उचलली तसा निवृत्ती माह्यासमोर आला. सगळ्याईपुढं म्हणाला, "तू मागं राह्य. तुह्या मशीननं साइट पाडली, म्हणून माही माय गेली. पोलिसानं सोडलं म्हणून आमी सोडलं नाही."  मी रस्त्याच्या कडले उभा राह्यलो, मयत माह्या समोरून गेली.

तुहं पत्र माह्या फोनमंधी होतं बे. खिशातच होतं. दोष साइट बनवणाऱ्याचा, असं तुह्या शब्दात लिहिलेलं. काढून दाखवलं असतं तं तिथल्या तिथं सुटलो असतो. पण काका माह्या बाजूले उभे होते, माह्या खांद्याचा आधार घेऊन. त्याईच्या पोराचं नाव पुन्हा चार लोकाईत वाचून दाखवाचं, ते माह्याच्यानं झालं नाही. काकाच पुढं सरकले होते सांगाले. म्या हात दाबून धरला. म्हटलं, नका, तुमचं काम नाही ते.

काल रविवार होता. तुही साइट चांगली चालली असीन. आमच्या गावातून कोणी पाह्यली नाही. माहा लॅपटॉप अजून ठाण्यात हाय, आन् असता तरी माह्या दुकानात कोणी येत नाही. लोक पहाटच सेंटरच्या दारात जाऊन ओळीत बसले, पयल्यासारखे. काकाही बसले. प्रेमानंद बोलवाले आला तं त्याले म्हणाले, "माह्या नावानं पुन्हा काई राखून ठेवशील तं पाहाजो."

कोणत्या तोंडानं येऊ म्हणतं तू. असीन तेच तोंड घेऊन ये. बाबापुढं उभं राहाची तुले भीती वाटते, पण बाबाले सारं माहीत हाय, तिथं तुले काई सांगाचं नाही. माह्या घरीही पयले येऊ नको. एस.टी. उतरला का सरळ निवृत्तीच्या घरी जाजो. तेरवी होईस्तोवर तो घरीच हाय. त्याले अजून वाटते का त्याच्या मायले म्या मारलं. बेड राखून कोणी ठेवला आन् आमच्या गावाचं दार कोणी बंद केलं, हे त्याले कोणीच सांगितलं नाही, मीही नाही.

मी तुह्यासंगं येणार नाही. तुले एकट्यालेच सांगा लागते.

फारुख